समुद्र दारात, टेम्पो नाक्यावर

किहीम, आवास, सासवणे, नागाव, आक्षी, रेवदंडा ही अलिबाग तालुक्यातील गावे एके काळी मुंबईकरांना सुटीतल्या सहलीपुरतीच ठाऊक होती. आता तेथे घर घेणाऱ्यांमध्ये निवृत्तीनंतर कायमचे राहायला जाणारी जोडपी आहेत, शनिवार-रविवारपुरती जाणारी कुटुंबे आहेत आणि वडिलोपार्जित वाडीतले पडके घर पुन्हा उभे करून परतणारेही आहेत. घराची किंमत, सातबारा, सीआरझेडची मर्यादा, विहिरीचे पाणी गोडे की मचूळ, या साऱ्याची चौकशी महिनोन्‌महिने चालते. मुंबईतला संसार तेथपर्यंत न्यायचा कसा, हा प्रश्न मात्र अखेरच्या आठवड्यावर ढकलला जातो. दोन-तीन ‘पॅकर्स अँड मूव्हर्स’ना दूरध्वनी करायचा, सर्वात कमी आकडा सांगणाऱ्याला होकार द्यायचा, की झाले, अशी समजूत असते.

ही समजूत महाग पडते. मुंबई ते अलिबाग हे रस्त्याने सुमारे शंभर किलोमीटरचे अंतर ट्रकच्या दृष्टीने किरकोळ आहे. भाडे, वेळ आणि मनस्ताप ठरतो तो शेवटच्या दोन-तीनशे मीटरमध्ये. ज्या गोष्टींसाठी असे घर पसंत केलेले असते, म्हणजे वाडीतली अरुंद वाट, दुतर्फा दगडी गडगे, वर झुकलेले माड आणि रहदारीचा अभाव, त्याच गोष्टी सामान हलवण्याच्या दिवशी आडव्या येतात.

होते ते असे. सामान भरलेला सतरा फुटी ट्रक रात्री मुंबईहून निघतो आणि सकाळी गावच्या नाक्यावर येऊन उभा राहतो. पुढची वाट जेमतेम आठ फुटांची, तीवर वीजतारा लोंबलेल्या, वळणावर फणसाची फांदी. चालक खाली उतरून पाहतो आणि पुढे जाण्यास नकार देतो. त्याचा नकार बहुधा योग्यच असतो. मग गावातून छोटा टेम्पो शोधायचा, त्याच्या तीन-चार खेपा करायच्या, त्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून फोनाफोनी सुरू होते. मुंबईतल्या कार्यालयातला माणूस शांतपणे सांगतो की, दर ‘गाडी जाईल तिथपर्यंत’चा होता, घराच्या उंबरठ्यापर्यंतचा नव्हता. सामान ट्रकमध्ये, ट्रक रस्त्यावर, मजूर बसून आणि उन्हात उभे असलेले घरमालक, अशा स्थितीत कोणाचा हात वर असतो हे सांगायला नको. जादा पैसे मोजले जातात आणि तक्रारीला आधार उरत नाही, कारण कागदावर त्या तीनशे मीटरचा उल्लेखच नसतो.

फोनवरचा अंदाज आणि जागेवरची पाहणी

फोनवर किंवा व्हिडिओ कॉलवर घरातले सामान दाखवून दर मागवण्याची पद्धत शहरातल्या शहरात ठीक आहे. तेथे दोन्ही टोकांना डांबरी रस्ता आणि लिफ्ट असते. किनाऱ्यावरच्या घरासाठी नुसते सामान दाखवून भागत नाही, पोहोचण्याची वाट दाखवावी लागते. व्यवसायातले जाणते लोक स्वतःहून ती विचारतात. जो विचारत नाही, त्याला तेथील कामाचा अनुभव नाही असे खुशाल समजावे. माणूस पाठवणे परवडत नसेल तर घरमालकानेच नाक्यापासून दारापर्यंत चालत जाऊन चित्रफीत काढावी आणि जेथे वाट सर्वात अरुंद आहे तेथे टेप लावून मोजमाप घ्यावे. वाटेत साकव असेल तर त्याची रुंदी आणि अवस्था पाहावी. फाटकाची रुंदी, ओट्याच्या पायऱ्या, जुन्या घरात माडीकडे जाणाऱ्या जिन्याचे वळण हेही मोजून ठेवावे. बाहेर जांभ्याची फरसबंदी असेल आणि खाली शोषखड्डा किंवा पाण्याची टाकी असेल, तर तिच्या झाकणावरून भरलेली गाडी न्यायची नाही हे आधीच सांगावे.

गाड्यांचे गणित साधे आहे. चौदा किंवा सतरा फुटी आयशरला आरसे आणि वळणे धरून नऊ-दहा फुटांची निर्वेध वाट हवी. ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखला जाणारा टाटा एस सुमारे पाच फूट रुंद असतो आणि अधिकृत वजनक्षमता साडेसातशे किलोच्या आसपास. वाडीत तोच शिरतो. दोन शयनगृहांच्या घराचे सामान त्याच्या एका खेपेत मावत नाही, हेही लक्षात ठेवावे. त्यामुळे मोठा ट्रक नाक्यावर उभा करून छोट्या टेम्पोने खेपा करायच्या, की मुंबईहूनच दोन-तीन छोट्या गाड्या काढायच्या, हा निर्णय दर ठरवण्यापूर्वी घ्यायचा असतो. दुसऱ्या पर्यायात भाडे वाढते, पण सामानाची एक चढ-उतार वाचते. काच, आरसे, जुने सागवानी फर्निचर अधिक असेल तर दुसरा पर्याय बरा. फुटतूट प्रवासात कमी आणि चढ-उतारात अधिक होते.

एक मोह टाळायला हवा. वाट अरुंद आहे, पण मागच्या बाजूने पुळणीवरून टेम्पो थेट अंगणात येईल, असे सुचवणारे कोणीतरी भेटतेच. किनाऱ्यावर वाहने नेण्यास ठिकठिकाणी मनाई आहे. आणि मनाई नसती तरी ओल्या वाळूत रुतलेली भरलेली गाडी भरती येण्यापूर्वी बाहेर निघेलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

रस्ता, सेतू आणि रो-रो

मुंबईहून अलिबागकडे सामान नेण्याचे मार्ग आता तीन झाले आहेत. जुना मार्ग पनवेल, पेण, वडखळवरून जातो. १२ जानेवारी २०२४ रोजी उद्‌घाटन झालेल्या शिवडी-न्हावा शेवा अटल सेतूमुळे पनवेलचा वळसा टळतो. एकूण २१.८ किलोमीटर लांबीच्या या सेतूचा साडेसोळा किलोमीटरचा भाग समुद्रावर आहे. परंतु सेतू संपल्यावर वडखळ ते अलिबाग हा टप्पा उरतोच, आणि शनिवार-रविवारी त्याची काय अवस्था होते हे तेथून गेलेल्यांना सांगण्याची गरज नाही. सुट्यांच्या काळात या रस्त्यावर आणि गणेशोत्सवात मुंबई-गोवा महामार्गावर अवजड वाहनांना वेळोवेळी बंदी घालण्यात येते. तारीख ठरवताना पंचांगाइतकीच जिल्हा प्रशासनाची अधिसूचनाही पाहावी. मंगळवार-बुधवारी, पहाटे पोहोचेल अशी निघालेली गाडी सर्वात निर्वेध जाते. सेतूचा पथकर दरात धरला आहे की वेगळा, हे लेखी घ्यावे. पथकर घरमालकाकडून घ्यायचा आणि गाडी मात्र पनवेलवरून न्यायची, अशी चलाखी ओळखायला पथकराची पावती मागणे पुरेसे आहे.

तिसरा मार्ग पाण्यावरचा. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि वाहनासह तासाभरात पलीकडे जाण्याची सोय झाली. घरातली नाजूक, मौल्यवान वा लगेच लागणारी चीजवस्तू स्वतःच्या मोटारीत घालून या बोटीने नेणे सोयीचे. मालवाहू गाडी न्यायची असेल तर कोणत्या आकाराची आणि कोणत्या फेरीला घेतली जाईल, हे आरक्षणाच्या वेळीच विचारून घ्यावे. गेट वे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणारी प्रवासी बोटसेवा पावसाळ्यात बंद असते. रो-रो मोठी असल्याने पावसाळ्यातही चालते, तथापि हवामान बिघडल्यास तिच्याही फेऱ्या रद्द होतात. जून ते ऑगस्टदरम्यान सामान हलवायचे असेल तर बोटीच्या भरवशावर मजुरांना पलीकडे बोलावून ठेवू नये.

खुद्द मुंबईत याचे वेगळे रूप आढळते. वर्सोव्याहून मढ समोर दिसते. फेरीबोटीने खाडी ओलांडायला काही मिनिटे पुरतात. त्या बोटीतून माणसे आणि दुचाकी जातात, घरसामान नव्हे. ट्रकला मालाड, मार्वेमार्गे वीसेक किलोमीटरचा वळसा पडतो. मनोरी आणि गोराईची गत तीच. मार्वेहून मनोरी आणि बोरिवलीहून गोराई खाडीपलीकडे हाकेच्या अंतरावर आहेत, पण सामानाची गाडी भाईंदर, उत्तनवरूनच न्यावी लागते. अंधेरीत बसून नकाशावरचे सरळ अंतर पाहून दर सांगणारा नंतर ‘आम्हाला कल्पना नव्हती’ म्हणतो, तेव्हा तो खोटे बोलत असेलच असे नाही. कल्पना देण्याचे काम घरमालकाचेही आहे.

दक्षिणेकडे दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडले, जयगड-तवसाळ, आगरदांडा-दिघी या खाड्यांवर फेरीबोटी वाहने नेतात आणि मोठा वळसा वाचवतात. गुहागर, श्रीवर्धन वा दिवेआगरच्या घरासाठी त्यांचा उपयोग होतो. ओहोटीला मात्र बोटीची फळी आणि धक्क्याचा उतार यांत मोठा कोन पडतो. लांब शेपटीची, खालून बसकी गाडी तेथे टेकते आणि शेवाळावर चाक घसरते. फेरीत चढण्यापूर्वी दोर पुन्हा आवळले पाहिजेत आणि कपाटांची दारे बांधलेली आहेत ना, हे पाहिले पाहिजे. गोव्यात मांडवीतल्या दिवाडी बेटावर तर पूलच नाही. तेथे घर करणाऱ्याचा दगड-विटांपासून पलंगापर्यंतचा सारा संसार फेरीबोटीनेच गेलेला असतो, आणि तेथील लोकांना त्याचे काही वाटतही नाही.

तिथीची पाऊणपट

शहरातल्या वाहतूकदाराला जी गोष्ट सुचत नाही आणि किनाऱ्यावरच्या माणसाला जी सांगावी लागत नाही, ती म्हणजे भरती-ओहोटीची वेळ. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते आणि भरतीला होडी लागते, हे पर्यटकांनाही ठाऊक आहे. तेच घड्याळ खाडीकाठच्या वाटांनाही लागू असते. खारेपाटातल्या बांधालगतचे रस्ते, खाडीकडे उतरणारी फाटके, धक्क्याजवळच्या सखल गल्ल्या उधाणाच्या दिवसांत पाण्याखाली जातात.

किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला ठोकताळा असा: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, पाणी अधिक चढते आणि अधिक उतरते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते, तेव्हा चढ-उतार कमी. नेमक्या वेळा भरती-ओहोटीच्या तक्त्यात मिळतात आणि ठोकताळ्यावर विसंबून ट्रक काढावा असे कोणी म्हणणार नाही. पण तारीख निवडायला तो पुरेसा आहे. पावसाळ्यात साडेचार मीटरहून उंच भरतीचे दिवस मुंबई महापालिका आधीच जाहीर करते. त्या दिवशी किनाऱ्यावर सामान उतरवण्याचा बेत आखू नये. घरापर्यंत होडी वा मचव्यानेच जायचे असेल तर वेळ नावाड्याने ठरवायची, वाहतूक कंपनीने नव्हे.

माणसे किती, आणि कोणाची

पाखाडीच्या पायऱ्यांवरून लोखंडी कपाट चार माणसे नेतात, दोन नव्हेत. दुहेरी दाराचा फ्रिज, धुलाई यंत्र, सागवानी पलंगाच्या पाट्या, पुस्तकांची खोकी यांचा हिशेब वेगळा. पुस्तकांची खोकी लहान हवीत. मोठ्या खोक्यात भरलेली पुस्तके उचलणाऱ्याची कंबर धरतात आणि तळही फाटतो. अंतर शंभर मीटरपेक्षा अधिक असेल तर माणसांची संख्या वाढवण्यापेक्षा रबरी चाकांची हातगाडी अधिक कामाची ठरते. मात्र ती जांभ्याच्या खडबडीत वाटेवर चालते, भुसभुशीत वाळूत नाही. वाळूत फळ्या अंथरून वाट करावी लागते आणि फळ्या कोणी आणायच्या हेही ठरवावे लागते.

सर्वात स्वस्त दर देणारा बहुधा माणसांत काटकसर करतो. सहाच्या जागी तीन पाठवतो आणि फरक त्या तिघांच्या पाठीतून वसूल होतो. संध्याकाळी थकलेल्या हातांतून जे निसटते ते घरमालकाचे असते. तेव्हा दरपत्रकात माणसांची संख्या लिहून घेणे ही दया नव्हे, व्यवहार आहे. पाणी, सावली आणि दुपारच्या जेवणाची सोय गावात होईल का, हेही पाहावे. अनेक वाड्यांच्या आसपास खाणावळ नसते.

उतरवण्याच्या ठिकाणी स्थानिक मजूर ‘आमच्या गावात काम आमचेच’ म्हणून पुढे येतात, असाही अनुभव अनेकांना येतो. याकडे केवळ अडवणूक म्हणून पाहणे बरोबर नाही. कोणत्या वळणावर कोणत्या बाजूने कपाट फिरवायचे, हे त्यांनाच ठाऊक असते आणि पुढे ज्यांच्याशेजारी राहायचे तीच ही माणसे असतात. वाडीची देखभाल करणाऱ्या गड्याला किंवा सरपंचाला आधी विचारून चार स्थानिक माणसे ठरवावीत, मजुरी अगोदर बोलावी आणि तेवढी माणसे कंपनीच्या दरातून वजा करून घ्यावीत. ऐन वेळी ठरलेली मजुरी नेहमी दुप्पट असते.

कागदावर काय हवे

दरपत्रकात ‘घरपोच’ हा शब्द पुरेसा नाही. गाडी कोठे थांबेल, तेथून दारापर्यंत किती मीटर, किती पायऱ्या, कोणत्या खोलीत सामान ठेवायचे, छोट्या टेम्पोच्या किती खेपा धरल्या आहेत, फेरीबोटीचे भाडे कोणाकडे, वाट बघावी लागल्यास तासाला किती, हे सारे मराठीत वा इंग्रजीत, पण लेखी हवे. संपूर्ण रक्कम आगाऊ देऊ नये. मोठा हिस्सा सामान घरात लागल्यावर देण्याचे ठरवावे. नाक्यावरच्या त्या भांडणात हात वर राहतो तो याच अटीने.

विम्याबाबत फसगत फार होते. दरपत्रकात जाहीर मूल्याच्या काही टक्के ‘विमा’ म्हणून लावले जातात, पण पॉलिसी निघतेच असे नाही. कित्येकदा ती कंपनीची स्वतःची ‘जोखीम आकारणी’ असते. विमा कंपनीचे नाव आणि पॉलिसी क्रमांक मागावा. देशांतर्गत वाहतुकीची नेहमीची पॉलिसी रस्ता, रेल्वे वा हवाई मार्गासाठी असते. त्यामुळे सामान मचव्याने वा होडीने जाणार असेल तर तो टप्पा तीत समाविष्ट आहे का, हे विचारावेच लागते. पाण्याने झालेले नुकसान आणि चढ-उतारातली फुटतूट यांचेही तसेच. ‘आयबीए मान्यताप्राप्त’ या बिरुदाने भारावून जाऊ नये. त्या यादीचा संबंध बँकांनी वाहतूकदारांच्या पावत्या स्वीकारण्याशी आहे, फ्रिज जपून उचलण्याशी नाही.

कायद्याचा आधार आहे, पण त्याला मुदत आहे. रस्त्याने मालवाहतूक करणाऱ्यांना २००७ चा ‘कॅरेज बाय रोड’ कायदा लागू होतो आणि त्याखाली नोंदणी आवश्यक असते. सामानाची यादी व मूल्य नोंदवलेले पत्रक ग्राहकाने द्यायचे आणि त्याबदली बिल्टी घ्यायची. जादा जोखमीचा दर भरला नसेल तर वाहतूकदाराची जबाबदारी २०११ च्या नियमांनुसार भाड्याच्या दहापटीपर्यंत, आणि तीही जाहीर मूल्याच्या आत, मर्यादित राहते. भाडे कागदावर कमी दाखवून रोखीने पैसे देणाऱ्याची भरपाईही त्यामुळे आपोआप कमी होते. नुकसानीची लेखी नोटीस सामान बुक केल्यापासून १८० दिवसांत द्यावी लागते. ती दिल्याशिवाय दावा उभा राहत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदाराला तो राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दोन वर्षांत दाद मागता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही, तेव्हा त्या नावाखाली वेगळे पैसे मागितल्यास देऊ नयेत.

खाऱ्या हवेतली बांधाबांध

बबलरॅपमध्ये घट्ट गुंडाळलेले लाकूड दमट हवेत आतून घामेजते आणि आठ-दहा दिवस तसेच राहिले तर बुरशी धरते. म्हणून लाकडी सामानावर आधी जुनी चादर वा कागद, मग प्लास्टिक, वर तरट, असा क्रम ठेवावा आणि पोहोचताच प्लास्टिक काढावे. लोखंडी कपाटाचे पोचे गेलेले भाग आधीच रंगवून घ्यावेत. खारे वारे लागल्यावर गंजायला एक पावसाळा पुरतो. भरलेला गॅस सिलिंडर, रॉकेल, रंगाचे डबे सामानात घालू नयेत. खरे तर मुंबईतले सगळेच तेथे नेण्याची गरज आहे का, हेही ट्रक बोलावण्यापूर्वी पाहावे. प्लायवूडची स्वस्त कपाटे किनाऱ्यावर टिकत नाहीत आणि त्यांच्या वाहतुकीच्या खर्चात अलिबागेत स्थानिक सुताराकडून अर्धे कपाट होते.

सामान उतरवताना एका माणसाने नाक्यावर ट्रकपाशी आणि एकाने दारात उभे राहावे, दोघांकडेही क्रमांक घातलेली तीच यादी असावी. मधल्या वाटेवर खोके हरवते ते बहुधा चोरीने नव्हे, शेजारच्या ओट्यावर क्षणभर टेकवून विसरल्याने. पलंग, पाण्याचे पिंप, दिवे आणि स्वयंपाकाचे खोके ट्रकमध्ये सर्वात शेवटी चढवावे, म्हणजे ते प्रथम उतरते. अंधार पडला, वीज गेली आणि निम्मे सामान नाक्यावरच राहिले, तरी रात्रीचा भात शिजतो.